डोंगरावरच्या गावी बॅचलरेट वीकेंड: नऊ जणी, दोन रात्री. बेत तपासून द्या

करवली_नंबर_१

मैत्रिणीच्या बॅचलरेटची जबाबदारी माझ्याकडे आहे. नवरीला धरून नऊ जणी. सगळ्या साधारण ५०० मीटर उंचीवरच्या शहरातून निघणार, गाव आहे २,१०० मीटरवर. रस्ता पाच तासांचा, त्यातला शेवटचा दीड तास नुसती वळणं. गावातून रोपवे ३,२०० मीटरपर्यंत जातो. शुक्रवारी ऑफिस आटोपून निघायचं, रविवारी रात्री घरी.

आत्तापर्यंतचा बेत: एक अख्खं घर (जाहिरातीत ‘१० जणांची सोय’, ३ बेडरूम, २ बाथरूम, अंगणात गरम पाण्याचा टब). शनिवारी सकाळी स्पा, दुपारी रोपवे, संध्याकाळी फुगे-केक-फोटो, रात्री बाहेर जेवण. रविवारी छोटासा ट्रेक आणि परत. तारीख लग्नाच्या दहा दिवस आधीची.

एक जण चार महिन्यांची गरोदर आहे. दोघी पीत नाहीत. बजेट सगळ्यांचं सारखं नाही, कोणी उघड बोलत नाही पण ग्रुपवरच्या शांततेवरून कळतंय. घर आजच बुक करू का? आणि बेतात कुठे घोळ आहे?

घाटउतार

आज नको. आधी घरमालकाला विचार, कोणत्या खोलीत कोणता पलंग आहे. ‘१० जणांची सोय’ म्हणताना हॉलमधला सोफा-कम-बेड आणि जमिनीवरच्या दोन गाद्या धरलेल्या असतात. तीन बेडरूममध्ये तीन डबल बेड असतील तर सहा जणींची झोप झाली, उरलेल्या तिघी हॉलमध्ये. आणि हॉलमध्ये झोपणारी शेवटची गप्पा मारणारी उठेपर्यंत झोपू शकत नाही. खोल्यांचं वाटप आधीच लिहून ग्रुपवर टाक. गरोदर मैत्रिणीला बाथरूमला लागून असलेली खोली.

खरी गोची बाथरूमची आहे. तीन ते चार जणींमागे एक असावं, तुझ्याकडे साडेचार जणींमागे एक येतंय. त्यात गिझर २५ लिटरचा निघाला तर गणित करून बघ. टाकीतलं पाणी ६० अंश, नळाचं गार पाणी १० अंश धरलं तर अंघोळीजोगं ४० अंशाचं पाणी मिळतं सुमारे ४२ लिटर. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडतो. म्हणजे पाच मिनिटांत खेळ खलास. २ किलोवॅटचा गिझर पुन्हा तापायला पाऊण तास घेतो. एका बाथरूममध्ये पाच जणी असतील तर पाचवीचं आटोपेपर्यंत तीन तासांच्या वर जातात. शनिवार सकाळचा स्पा असाच बुडतो. म्हणून मालकाला तीनच गोष्टी विचार: गिझर किती लिटरचा, टाकीचा की तात्काळ तापणारा, आणि लाइट गेली तर तो बॅकअपवर चालतो का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ‘नाही’ असतं, बॅकअप दिवे आणि चार्जिंगपुरताच. गिझर छोटा असेल तर निम्म्या जणींनी रात्री अंघोळ उरकायची, हे आधीच ठरवून टाका.

वीजही तशीच. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचं सर्किट सुमारे ३,७०० वॅट झेलतं. दोन हेअर ड्रायर आणि एक रूम हीटर एकाच वेळी लावले की ५,५०० च्या आसपास जातं आणि फ्यूज पडतो, तोही सगळ्यांचे केस ओले असताना. ड्रायर एका खोलीत, हीटर दुसऱ्या, आणि एमसीबी बॉक्स कुठे आहे हे घरात शिरल्या शिरल्या बघून ठेवायचं.

आता शनिवार. तुझा क्रम उलटा कर. डोंगरात ढग आणि गडगडाट बहुधा दुपारनंतर येतात, वारा वाढला किंवा वीज चमकू लागली की रोपवे बंद करतात. सकाळी पहिल्या तासाभरात वर जा, दुपारी जेवायच्या आत खाली. स्पा दुपारी. स्पाला फोन करून विचार की एका वेळी किती जणी. तीन टेबलं असतील तर तासाभराच्या मसाजला नऊ जणींना तीन तास लागतात, वर अदलाबदलीची वेळ वेगळी. तीन-तीनच्या तुकड्या पाड, बाकीच्या घरी लोळत पडतील. तोच त्यांचा वीकेंड.

रविवारचा ट्रेक काढून टाक. घर सकाळी दहा-अकराला सोडायचं असतं, नऊ जणींच्या बॅगा भरायच्या, चिखलाचे बूट गाडीत, आणि खाली उतरणारी सगळी गर्दी दुपारनंतर त्याच रस्त्यावर. फारच हौस असेल तर सूर्योदयाला अर्ध्या तासाची चाल, ज्या उठतील त्यांची.

झोपाळू_खार

तारीख!! लग्नाआधी दहा दिवस म्हणजे उन्हाने भाजलेली कातडी नेमकी लग्नाच्या सुमाराला सोलून निघेल. दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात, ३,२०० मीटरवर समुद्रसपाटीच्या मानाने तिसरा हिस्सा तरी जास्त. ताजा बर्फ असेल तर तो ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, म्हणजे सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावावं लागतं. गॉगलचे आणि पट्ट्यांचे डाग उतरायला काही आठवडे जातात. चार ते सहा आठवडे आधीची तारीख बघ. पाय मुरगळला तरी तेवढ्यात सावरतो.

तारीख हलतच नसेल तर एसपीएफ ५० चं सनस्क्रीन दर दोन तासांनी, रुंद कडेची टोपी, आणि नवरीने रेटिनॉल-पील वगैरे (कातडी हळवी करणारे उपचार) सहलीच्या आठवडाभर आधी थांबवावं.

हिशेबवही

बजेटवर लिहिते, कारण बॅचलरेट मोडतात त्या इथेच.

ग्रुपवर ‘किती खर्च चालेल?’ विचारू नकोस. सगळ्यात आधी जी बोलेल तिचा आकडा बाकीच्यांवर बसतो. निनावी फॉर्म कर, त्यात एकच प्रश्न: प्रवास-राहणं-खाणं सगळं धरून जास्तीत जास्त किती? आलेल्या आकड्यांची सरासरी काढायची नाही. सगळ्यात खालच्या आकड्यात घर, गाडी आणि घरातली जेवणं बसली पाहिजेत. स्पा, रोपवे, बाहेरचं जेवण ऐच्छिक, जिचं तिने भरायचं. रोपवेला न जाणारीला कारण विचारायचं नाही, हा नियम आधीच सांगून टाक.

नवरीचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा असेल तर भागाकार आठाने, नऊने नाही. हे वाक्य पहिल्याच मेसेजमध्ये हवं. आणि नवरीच्या वाट्यात काय काय येतं तेही: घर आणि गाडी नक्की, स्पा बहुतेक, तिची खरेदी अर्थातच नाही.

गळतीचं बघ. घर आणि गाडीचा खर्च डोकी कमी झाली म्हणून कमी होत नाही. आठातल्या दोघी गळल्या तर उरलेल्या सहा जणींचा वाटा एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून क्रम असा ठेव: तारीख पक्की, मग प्रत्येकीकडून घराच्या वाट्याएवढे पैसे जमा, मग बुकिंग. पैसे आले म्हणजे ‘येते’, अंगठा दाखवला म्हणजे नाही. नंतर कोणी गळाली तर तिचा घराचा वाटा परत मिळणार नाही, बदली माणूस आणला तरच, हेही तेव्हाच लिही. आजारपण आणि घरातलं काही गंभीर याला अपवाद ठेवा, तो कोण ठरवणार तेही ठरवा.

बुकिंग करताना रद्द करण्याच्या अटीतली तारीख कॅलेंडरवर टाक, तिच्या तीन दिवस आधीची आठवण लाव. अनामत रक्कम कोणाच्या कार्डावरून जातेय आणि कोणाला परत येणार, ते हिशेबात वेगळं दाखव. अनामत खर्चात मिसळली की शेवटी कोणाचं तरी गणित चुकतं.

दारूचा हिशेब जेवणापासून वेगळा. न पिणाऱ्या दोघी आणि गरोदर मैत्रीण यांच्या माथी सरसकट भागाकार मारू नका.

पायवाट_सोडू_नका

उंचीबद्दल. २,१०० मीटरवर झोपल्याने बहुतेकांना काही होत नाही. हवा पातळ झाल्याचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. ३,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असतो, पण तासा-दोन तासांसाठी जाऊन २,१०० वर झोपायला परत आलात तर चिंता कमी. वर पळापळ नको, जिने हळू चढा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर वाढत गेली तर उपाय एकच, खाली उतरा. उंचीसाठीच्या गोळ्या या बेतात साधारणपणे लागत नाहीत, आणि घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

गरोदर मैत्रिणीने २,१०० वर यायच्या आधी तिच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावं, रोपवेचाही. ‘थंड हवेच्या ठिकाणी जातेय’ एवढं सांगून भागत नाही. ३,२०० ला होकार मिळाला नाही तर तिच्याबरोबर खाली कोण थांबणार हे आधीच ठरवा, जिला ते थांबणं शिक्षा वाटणार नाही अशी कोणीतरी. गरम टब तिच्यासाठी बाद.

टबचं इतरांसाठी: पाणी ४० अंशांच्या वर नको, एका वेळी १५ मिनिटं, पिऊन नाही. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, दारूनेही, आणि उठून थंड हवेत उभं राहिलं की भोवळ येते. मालकाला क्लोरीन किती ठेवता हे विचार. टबला किमान ३ पीपीएम (दहा लाखात तीन भाग) लागतं, पीएच (पाण्याची आम्लता) ७ ते ७.८. तपासायच्या पट्ट्या खिशात मावतात. क्लोरीन कमी पडलं तर एक-दोन दिवसांनी अंगावर, विशेषतः स्विमसूटखाली, खाजरे लाल फोड येतात. वॅक्सिंग केल्याच्या दिवशी टबात बसलं तर शक्यता आणखी वाढते. नवरीचं वॅक्सिंग परत आल्यावरच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोलीत शेगडी, कोळसे, बार्बेक्यू आणायचा नाही. विझत आलेला निखारासुद्धा नाही, खिडकी फटीएवढी उघडी ठेवूनसुद्धा नाही. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत असेल तर ते घरच नको. जळणातून कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं ही त्याची लक्षणं, आणि नेमकी हीच लक्षणं उंचीची आणि आदल्या रात्रीच्या दारूची. बॅचलरेटच्या घरात ‘हँगओव्हर असेल’ म्हणून कोणी दुसऱ्यांदा विचार करत नाही. खूण अशी: एकाच खोलीतल्या तीन जणींचं डोकं एकदम दुखतंय, त्यात न पिणारीही आहे, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय. मग सगळ्यांनी बाहेर, आणि आपत्कालीन मदतीला फोन. बॅटरीवरचा छोटा सीओ अलार्म सामानात टाका, झोपायच्या खोलीत ठेवा.

थंडीचा अंदाज: दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश. तुमच्या शहरापेक्षा गावात १० अंश कमी, रोपवेच्या टोकाला आणखी ७, वारा वेगळा.

चौथा_गिअर

गाडी एकच घ्या, ड्रायव्हरसकट. दोन गाड्या म्हणजे दोघी चालवणार, दोघींना रात्री पिता येणार नाही, आणि एक गाडी चुकली की दुसरी वळणावर ताटकळणार. नऊ जणींना नऊ सीटची गाडी पुरत नाही, मागची रांग बॅगांत जाते. बारा-तेरा सीटची बघा, आणि बॅगा मऊ सांगा. चाकांच्या कडक सुटकेस एकमेकींत बसत नाहीत.

ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाची सोय कोण करणार, ते गाडी ठरवतानाच विचारा. शुक्रवारी दिवसभर गाडी चालवून तोच माणूस रात्री घाटात आला तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून त्याची त्या दिवशीची ड्यूटी किती वाजता सुरू झाली हेही विचारा. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, नुसत्या ब्रेकवर उतरलं की ते तापून पकड सोडतात. जळका वास आला तर थांबवायला लाजू नका. बर्फाचा मोसम असेल तर चाकांच्या साखळ्या गाडीत आहेत का, आणि ड्रायव्हरला त्या लावता येतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गाडी लागणाऱ्यांनी गोळी वळणं सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, वळणात घेऊन उपयोग नाही. त्या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे वर दारू नको. पुढची सीट त्यांना, फोन खाली, नजर लांब. गरोदर मैत्रिणीने गोळी डॉक्टरांना विचारून.

तुमचं निघणं संध्याकाळी सहाचं असेल तर पोहोचायला अकरा वाजून जातील. अशा गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. शुक्रवारचं जेवण बरोबर न्या किंवा घराच्या केअरटेकरला सांगून ठेवा. आणि शेवटचे दोनशे मीटर गाडी जाते की पायऱ्या आहेत, हेही विचारा. फोटोत पायऱ्या छान दिसतात, बॅगा घेऊन रात्री नाही.

दोन_बादल्या

बाथरूमच्या मुद्द्याला +१, पण माझं मत घराच्याच विरोधात आहे. नऊ जणींना हॉटेलच्या पाच खोल्या म्हणजे पाच बाथरूम, गरम पाणी त्यांची डोकेदुखी, सकाळचा नाश्ता तयार, आणि एखादी गळाली तर एक खोली कमी करता येते. रात्री गप्पांसाठी त्यातली एक खोली मोठी घ्यायची.

घाटउतार

@दोन_बादल्या, बाथरूमपुरतं पटलं. पण हॉटेलात नऊ जणींना रात्री एकत्र बसायला जागा नसते. दहानंतर रिसेप्शनवरून फोन येतो आणि शेवटी तीन-तीनच्या टोळ्या होतात. तीन बाथरूमचं घर मिळालं तर घर, नाहीतर हॉटेल. दोन बाथरूममध्ये नऊ जणी हा मात्र दोन्हीपेक्षा वाईट पर्याय. आवाजाचं घरातही बघावं लागतं, दरीत आवाज लांबवर जातो. स्पीकर आत, खिडक्या बंद.

करवली_नंबर_१

सगळ्यांचे आभार. तारीख पाच आठवडे आधीची करतेय, आणि तीन बाथरूमचं घर शोधतेय. रोपवे सकाळी, ट्रेक रद्द. निनावी फॉर्म आजच पाठवते.

तीन शंका राहिल्या. फुगे-केक शहरातून नेऊ का? रोपवे बंद निघाला तर काय? आणि नवरीला सरप्राइज द्यायचंय, तिला कितपत सांगावं?

पायवाट_सोडू_नका

फुगे फुगवून नेऊ नका. ५०० वरून २,१०० मीटरवर हवेचा दाब इतका उतरतो की फुग्यातली हवा सुमारे २० टक्क्यांनी फुगते. रबरी फुगे ताणून निभावतील, फॉइलचे अक्षर-फुगे ताणले जात नाहीत, ते शिवणीवर फाटतात. न फुगवता न्या, हातपंप न्या, वर जाऊन भरा. शांपू, सनस्क्रीनच्या बाटल्याही याच कारणाने गळतात. त्यातली हवा दाबून काढून झाकण लावा आणि पिशवीत घाला. फेसाळ वाइन वर गेल्यावर जास्त उसळते, ती गारेगार करून, बूच हाताने धरून हळूच सोडायची. हलवून उडवायची असेल तर अंगणात, फोनपासून लांब.

आकाशकंदील आणि फटाके नकोत, कोरड्या गवताला आग लागायला एक ठिणगी पुरते. चमकीचे कण अंगणात उडवलेत तर अनामत विसरा.

केक क्रीमचा असेल तर पाच तास आणि दीड तास वळणं तो सहन करत नाही. गावात सांगता येत असेल तर तिथेच सांगा. न्यायचाच असेल तर थर न रचता, दोन चपटे केक वेगळ्या डब्यांत, डबे गाडीच्या फरशीवर (सीट उतरती असते), वर पोहोचल्यावर एकावर एक ठेवायचे. स्वयंपाकाचं म्हणाल तर तिथे पाणी ९३ अंशांनाच उकळतं, भात, डाळी, बटाटे यांना वेळ जास्त लागतो. कुकर आहे का विचारा.

घाटउतार

रोपवे: तिकिटं आधी काढणार असाल तर हवामानामुळे बंद झाल्यास पैसे परत की दुसरी तारीख, ते वाचा. दुसरी तारीख तुमच्या कामाची नाही. पर्यायी बेत असा हवा ज्याला वेगळं बुकिंग लागत नाही, कारण रोपवे बंद झाला की गावातल्या सगळ्यांना तीच दोन ठिकाणं सुचतात. घरात करायचं काहीतरी सामान बरोबर ठेवा: पत्ते, नवरीवरच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या, मेंदीचे कोन, जे तुमच्यात चालतं ते. स्पालाही आधीच विचारून ठेवा, एखादी तुकडी सकाळी आली तर चालेल का.

झोपाळू_खार

सरप्राइज बेताचं द्या, तारखेचं आणि सामानाचं नाही. नवरीला हे चार कळलंच पाहिजे: किती वाजता निघायचं नि परतायचं, थंडी किती, बूट कोणते, आणि पोहण्याचे कपडे लागतील का. बाकी गुप्त. शिवाय तिच्याकडून ‘हे नको’ची यादी आधीच घ्या, एकटीला गाठून. त्यात बहुतेक दोन गोष्टी निघतात, कोणाला बोलवायचं नाही आणि कोणते फोटो टाकायचे नाहीत. फोटोंचा नियम शुक्रवारी गाडीतच सांगा: नवरीने बघितल्याशिवाय काही पोस्ट नाही.

हिशेबवही

एक राहिलं. घरात शिरल्यावर बॅगा ठेवायच्या आधी प्रत्येक खोलीचा, भिंतींचा आणि टबाच्या झाकणाचा व्हिडिओ काढ. निघताना पुन्हा. आणि रविवारी दुपारी गाडीतच हिशेब मिटव, सगळ्या एका जागी बसलेल्या असतात आणि वळणं संपल्यावर तीन-साडेतीन तास मोकळे मिळतात. सोमवारवर टाकलेला हिशेब लग्नापर्यंत लांबतो.